ध्वनीच्या लाटेने ढकललेला विद्युतप्रवाह: तालुक्याच्या कॉलेजात तो कसा मोजावा

लिथियम नायोबेट दाबला की त्यावर विद्युतभार दिसतो. म्हणून या स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनीची लाट धावते तेव्हा तिच्याबरोबर विद्युतक्षेत्राचीही लाट धावते. त्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून अर्धवाहकाची अरुंद काडी ठेवली, तर काडीतले इलेक्ट्रॉन या क्षेत्राच्या खळग्यांत सापडतात आणि लाटेच्या दिशेने ओढले जातात. काडीला बॅटरी जोडलेली नसतानाही तिच्यातून प्रवाह वाहतो. यालाच ध्वनिविद्युत प्रवाह म्हणतात. पार्मेंटर यांनी १९५३ मध्ये तो गणिताने मांडला आणि वाइनराइख व व्हाइट यांनी १९५७ मध्ये जर्मेनियममध्ये तो मोजला.

हा प्रयोग मोठ्या शहरातल्या स्वच्छ-कक्षाशिवाय (धूळ गाळून टाकलेल्या प्रयोगशाळेशिवाय) होत नाही, असा समज आहे. गिगाहर्ट्झच्या प्रयोगांना तो लागू पडतो. १० मेगाहर्ट्झला मात्र लाटेची लांबी ४०० मायक्रोमीटर असते आणि १०० मायक्रोमीटर रुंदीच्या तांब्याच्या रेघा कोणताही चांगला पीसीबी (तांब्याच्या रेघांची सर्किटपाटी) बनवणारा काढून देतो. दारव्हा, मेहकर, आर्वी, वणी अशा गावांतल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हे काम एका सत्रात बसते. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे मिळालेला प्रवाह खरोखर ध्वनीचा आहे की रेडिओलहरींचा आणि उष्णतेचा, हे ठरवणे. जोडणीपेक्षा त्यालाच जास्त दिवस द्या.

स्फटिक आणि फण्या

१२८ अंश वाय-एक्स छेदाची, एका बाजूने पॉलिश केलेली, ३ इंची लिथियम नायोबेट वेफर (पातळ गोल चकती) घ्या. जाडी १ मिमी मिळाली तर उत्तम. नेहमी मिळते ती ०.५ मिमीची, पण ४०० मायक्रोमीटरच्या लाटेला ती जेमतेम सव्वा तरंगलांबी जाड पडते. मग पृष्ठभागावरच्या लाटेसोबत पूर्ण पाटीच थरथरवणाऱ्या लाटाही उठतात आणि वारंवारतेच्या आलेखात एकाऐवजी तीन-चार खड्डे दिसतात. ०.५ मिमीचीच असेल तर मागची खरखरीत बाजू रबरावर टेकवा. त्या पाटीच्या लाटा बऱ्याच मरतात.

लाट एक्स-अक्षावरून गेली पाहिजे. वेफरची सपाट कड कोणत्या अक्षाशी कशी आहे हे पुरवठादाराच्या कागदावर पाहा, वेफरच्या मागे पेन्सिलने बाण काढा आणि मगच कापा. कापल्यावर अक्ष ओळखणे कठीण जाते. हिरकणीच्या पेनाने एकच ठाम रेघ ओढून ७० मिमी × १५ मिमीची पट्टी तोडा. एकाच रेघेवर दोनदा पेन फिरवले तर कड चुरते. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि चुरा ओल्या कापडाने उचला.

हा स्फटिक तापमान बदलले तरीही भारित होतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या खोलीतून तो एकदम एसीत नेला, किंवा गरम हवेचा झोत मारला, तर पृष्ठभागावर ठिणग्या उडतात आणि पट्टी तडकू शकते. डबा बंद ठेवूनच खोली बदला आणि अर्धा तास थांबा.

लाट उठवायला एकमेकांत गुंतलेल्या दोन फण्यांसारखे इलेक्ट्रोड लागतात. ही रचना व्हाइट आणि व्होल्टमर यांची, १९६५ सालची. एरवी त्या स्फटिकावरच धातूचा थर देऊन बनवतात. इथे त्या पीसीबीवर बनवून स्फटिकावर दाबायच्या. पीसीबी मागवताना हे लिहून द्या: एफआर-४, रेघ १०० मायक्रोमीटर, फट १०० मायक्रोमीटर, दातांच्या २० जोड्या, दात एकमेकांत ८ मिमी गुंतलेले, तांबे १८ मायक्रोमीटर, वर सोन्याचा मुलामा आणि फणीच्या भागावर हिरवा थर नको. कथलाचा मुलामा स्वस्त पडतो, पण तो उंचसखल असतो आणि दात स्फटिकाला सारखे टेकत नाहीत. असे दोन सारखे पीसीबी लागतील.

या छेदावर लाटेचा वेग सुमारे ३,९९० मीटर प्रति सेकंद आहे. त्याला ४०० मायक्रोमीटरने भागले की ९.९७ मेगाहर्ट्झ येतात. वीस जोड्यांच्या फणीची उपयोगी पट्टी अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे वारंवारता हाताने शोधता येते.

दोन्ही पीसीबी पट्टीवर पालथे ठेवा. फण्यांच्या मध्यांत ४० मिमी अंतर राहू द्या. प्रत्येक फणी ८ मिमी लांब असल्याने मध्ये ३२ मिमी मोकळी जागा उरते आणि दोन्ही टोकांना ११-११ मिमी. या टोकांवर सिलिकॉन रबराचा थर लावा, नाहीतर कडेवरून परतलेली लाट उलट दिशेने काडी ओढेल आणि आकडा कमी दाखवेल.

दाब हा या रचनेचा प्राण आहे. खाली अ‍ॅक्रिलिकची पाटी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा सपाट तुकडा, त्यावर स्फटिक, त्यावर पीसीबी, पुन्हा ट्यूबचा तुकडा आणि वरून अ‍ॅक्रिलिकची पट्टी. चार कोपऱ्यांना ३ मिमीचे स्क्रू, समोरासमोरचे आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळायचे. शेजारी नॅनोव्हीएनए (प्रत्येक वारंवारतेला परतणारा सिग्नल मोजणारे छोटे यंत्र) लावून परावर्तनाचा आलेख पाहत राहा. दात टेकू लागले की १० मेगाहर्ट्झजवळ खड्डा उमटतो आणि खोल होत जातो. तो खोल होणे थांबले की हात थांबवा. एकच कोपरा आवळत गेलात तर स्फटिक तिथूनच फुटतो.

आता एका फणीतून दुसरीकडे किती सिग्नल पोहोचतो ते पाहा. २० ते ३० डीबी तोटा चालेल. मध्ये बोट टेकवा. लाट असेल तर सिग्नल कोसळतो, नसेल तर हलतही नाही. ऑसिलोस्कोपवर छोटी स्पंदने पाठवलीत तर शून्यापाशी थेट रेडिओगळती दिसेल आणि १० मायक्रोसेकंदांनी लाट. ४० मिमी अंतर ३,९९० च्या वेगाने कापायला तेवढाच वेळ लागतो. हा १० मायक्रोसेकंदांचा ठसा दिसल्याशिवाय काडीकडे वळू नका.

सिलिकॉनची काडी

किती वाहक काडी हवी, हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचे गणित चुकते. काडी फार वाहक असेल तर ती लाटेचे क्षेत्र झाकून टाकते आणि इलेक्ट्रॉनांना खळगे जाणवतच नाहीत. फार अवाहक असेल तर ओढायला इलेक्ट्रॉनच नसतात. लिथियम नायोबेटला सगळ्यात जास्त ओढ प्रति चौरस (काडीच्या कोणत्याही चौरस तुकड्याच्या समोरासमोरच्या कडांमध्ये) सुमारे अर्ध्या मेगाओमला मिळते. सौरपाट्यांतले किंवा नेहमीच्या वेफरचे १ ते १० ओम-सेमीचे सिलिकॉन ०.५ मिमी जाडीला प्रति चौरस २० ते २०० ओम देते. हजारो पटींनी जास्त वाहक! ते लावून काही हाती लागत नाही. म्हणून उच्च-रोधकतेची, ३ ते ६ किलोओम-सेमीची एन-प्रकारची (जिच्यात इलेक्ट्रॉन प्रवाह वाहतात अशी) वेफर मागवा. ती प्रति चौरस ६० ते १२० किलोओम देते. शिखरापासून थोडी दूर असली तरी काम होते.

(१००) छेदाची वेफर सपाट कडेला समांतर आणि काटकोनात सरळ तुटते. २ मिमी × २० मिमीची काडी तोडा. टोकापासून टोकापर्यंत तिचा रोध ०.६ ते १.२ मेगाओम असायला हवा.

संपर्क काडीच्या दोन बारक्या टोकांच्या भिंतींवरच करा. वरच्या पृष्ठभागावर केलेत तर त्यांच्या जाडीमुळे काडी स्फटिकाजवळ बसणार नाही. सिलिकॉनवर हवेतच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो काढायला प्रयोगशाळा हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते आम्ल कॉलेजात आणूच नका. ते कातडीतून आत जाते, आणि त्यावर तातडीने उपचार करण्याची सोय तालुक्याच्या गावात धरून चालता येत नाही. त्याऐवजी गॅलियम-इंडियमच्या द्रव मिश्रधातूचा थेंब टोकावर ठेवा आणि त्याच्याखालीच हिरकणीच्या पेनाने सिलिकॉन खरवडा, म्हणजे ताज्या पृष्ठभागाला धातू चिकटतो. मग ४० गेजची तांब्याची तार लावून वर चांदीची पेस्ट द्या. गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरते, त्यामुळे त्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा डबा किंवा फॉइल नको.

लगेच तपासा: उणे १ ते अधिक १ व्होल्ट, दर ०.१ व्होल्टला प्रवाह मोजा. आलेख सरळ रेघ असला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखा. वाकला तर संपर्क डायोडसारखा वागतो आहे, आणि पुढे हाच डायोड रेडिओलहर एकदिश करून तुम्हाला खोटा प्रवाह दाखवील. पुन्हा खरवडा. काडीचा प्रकारही पडताळा: मल्टीमीटरच्या एका प्रोबला सोल्डरिंगचे गरम टोक टेकवा, गरम बाजू धन आली तर एन-प्रकार. इतक्या शुद्ध सिलिकॉनचा पृष्ठभाग ऑक्साइडमधल्या भारामुळे वेगळा वागू शकतो, म्हणून वेफरच्या पाकिटावरच्या अक्षरावर विसंबू नका.

काडी स्फटिकाला टेकता कामा नये. टेकली की लाट तिच्यातच मरते. दूरही जाता कामा नये, कारण नायोबेटची विद्युतपारगम्यता हवेच्या सुमारे पन्नास पट असल्याने फटीतला प्रत्येक मायक्रोमीटर ओढ कमी करतो. पूर्ण ओढीसाठी फट एका मायक्रोमीटरच्या आसपास हवी. टेबलावर ते साधत नाही. १० मायक्रोमीटरला ओढ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते, पण मोजण्यासारखी राहते. वारंवारता कमी ठेवण्याचा हा दुसरा फायदा, कारण १०० मेगाहर्ट्झला हीच फट सगळे बिघडवून टाकते.

फट सारखी राहावी म्हणून असे करा. सपाट काच घ्या, तिच्यावर पातळ प्लास्टिक पसरा. काडी पॉलिश बाजू खाली करून मध्ये ठेवा. तिच्या दोन्ही अंगांना सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडचे ५ मिमी × २० मिमीचे तुकडे, तेही त्याच काचेवर सपाट. मग वरून, म्हणजे पाठीमागून, इपॉक्सीने तिन्हींना दुसऱ्या स्लाइडच्या तुकड्यावर चिकटवा. दुसऱ्या दिवशी उचला. काडी आणि दोन्ही काचा आपोआप एका पातळीत आलेल्या असतात. आता फक्त काचांच्या बाहेरच्या कडांखाली, लाटेच्या ८ मिमीच्या वाटेबाहेर, पातळ फिल्मच्या चिंध्या ठेवायच्या. जुना फिल्म कपॅसिटर उघडला की अशी फिल्म मिळते. तिचे वीस थर एकावर एक स्क्रूगेजमध्ये धरून मोजा आणि वीसने भागा. एका थराची जाडी स्क्रूगेजला एरवी पकडता येत नाही.

इथे विदर्भाची खास अडचण म्हणजे रुई. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की गावाच्या हवेत कापसाचे तंतू तरंगतात. असा तंतू दहा-वीस मायक्रोमीटर जाड असतो. फटीत एक जरी अडकला तर काडी तिरकी बसते आणि एका टोकाला ओढ नाहीशी होते. काडी बसवण्याचे काम सकाळी, खिडक्या बंद, पंखा बंद ठेवून करा. आधी टेबल ओल्या कापडाने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बसवताना आडव्या टॉर्चच्या उजेडात फट पाहा. आडव्या उजेडात तंतू चमकतो.

ताकद देणे, प्रवाह मोजणे

एडी९८५० चे डीडीएस मॉड्यूल (हवी ती वारंवारता तयार करणारी पाटी) अर्डुइनोने (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या पाटीने) चालवा. त्याचा चौकोनी आउटपुट ७४एसीटी०८ च्या एका गेटला द्या. त्याच गेटच्या दुसऱ्या पायावर अर्डुइनोचा ३१७ हर्ट्झचा चौकोनी सिग्नल. म्हणजे १० मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला ३१७ वेळा चालू-बंद होते. ३१७ का? तो ५० च्या कोणत्याही पटीवर बसत नाही. पुढे तीन बीएस१७० ट्रान्झिस्टर समांतर, मग १२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर, मग ६ डीबीचा रोधक पॅड. फणीचा रोध ५० ओमशी क्वचितच जुळतो. पॅड नसेल तर परतलेली शक्ती बीएस१७० जाळते. पॅडआधी १ वॉट पुरे, पॅडनंतर पाव वॉट उरतो. पॅडपुढे फेराइट रिंगवर दोन तारा एकत्र पिळून दहा वेढ्यांचा १:१ ट्रान्सफॉर्मर घाला, म्हणजे फणीच्या दोन्ही बाजू समतोल चालतात आणि काडीवर थेट उडणारी रेडिओलहर बरीच रद्द होते.

प्रवाह मोजायला टीएल०७१ ऑपअँप, १० मेगाओमचा फीडबॅक रोध आणि त्याला समांतर १० पिकोफॅराड. १ नॅनोअँपिअरला १० मिलिव्होल्ट मिळतात आणि सुमारे १.६ किलोहर्ट्झपर्यंत ते चालते. इनपुटला आधी फेराइट मणी, मग १ किलोओम आणि जमिनीकडे (ग्राउंडकडे) १ नॅनोफॅराड. हे सोडले तर ऑपअँपच्या आतच रेडिओलहर एकदिश होते. काडीचे एक टोक जमिनीला, लाट जिथून बाहेर पडते ते टोक इनपुटला. एन-प्रकारच्या काडीत तिथून इलेक्ट्रॉन बाहेर येतात, म्हणून लहर चालू असताना आउटपुट धन जायला हवा.

ऑपअँपच्या स्वतःच्या ऑफसेटमुळे आउटपुटवर काही दहा मिलिव्होल्ट स्थिर दिसतील. त्याकडे लक्ष देऊ नका, आपल्याला फक्त ३१७ हर्ट्झला हलणारा भाग हवा. आउटपुट लॅपटॉपच्या साउंडकार्डच्या डाव्या चॅनलला, ३१७ हर्ट्झचा संदर्भ उजव्याला (रोधक विभाजकातून अर्ध्या व्होल्टपेक्षा खाली आणून). ऑक्टेव्ह किंवा पायथनमध्ये दोन्हींचा गुणाकार करून ३० सेकंदांची सरासरी घ्या. बहुतेक साउंडकार्डला डावा-उजवा दोन्ही इनपुट नसतात, एकाच माइकचा असतो. यूएसबीचे दोन चॅनलचे कार्ड विकत घ्या. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

वीज कुठून घ्यायची? गावात सगळ्यात सोपी म्हणजे फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी. तीन लागतात: दोन प्रवर्धकाच्या अधिक-उण्यासाठी आणि एक वेगळी रेडिओ भागासाठी. रेडिओची आणि प्रवर्धकाची बॅटरी एकच ठेवली तर रेडिओ भाग ३१७ हर्ट्झला प्रवाह ओढतो, बॅटरीचा दाब त्याच तालात खालीवर होतो, आणि अगदी खऱ्यासारखा दिसणारा खोटा सिग्नल येतो.

मेन्सपासून दूर राहण्याचे आणखी एक कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि अर्थिंगच्या नळीपासून माती सुटते. मे महिन्यात न्यूट्रल आणि अर्थमध्ये पाच-सहा व्होल्ट दिसले तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला आणि पुन्हा मोजा. शिवारात शेतीची थ्री-फेज लाइन येते त्या वेळी मोटारी सुरू होतात, आणि सौरपंपांचे कंट्रोलर तर दिवसभर गोंगाट करतात. शेत लागून असेल तर मोजणी सूर्यास्तानंतर, थ्री-फेज नसलेल्या वेळेत करा.

सगळी मांडणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवा, झाकण घट्ट, तारा बीएनसी सॉकेटमधून. फणी आणि काडी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याची उभी भिंत जमिनीला जोडा. तिची खालची कड स्फटिकापासून अर्धा मिमी वर राहू द्या. डबा बंद असल्याने अंधारही होतो आणि तो आवश्यकच आहे: उजेड पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि छिद्रे (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन भारासारख्या वागतात) जोडीने तयार होतात, लाट दोघांनाही एकाच दिशेने ओढते आणि त्यांचे प्रवाह एकमेकांना खातात.

हा प्रवाह ध्वनीचाच आहे का

वाइनराइख यांच्या सूत्राने कागदावरची कमाल काढता येते: प्रवाह = गतिशीलता × लाटेचा दर मीटरला होणारा क्षय × लाटेची शक्ती ÷ लाटेचा वेग. इलेक्ट्रॉनांची गतिशीलता ०.१३, क्षय दर मीटरला १०, काडीखालून जाणारी शक्ती २५ मिलिवॉट आणि वेग ३,९९० धरला तर ८ मायक्रोअँपिअर येतात. पृष्ठभागावरचे सापळे (इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष), तिरकी फट, कमकुवत संपर्क मिळून यातला मोठा भाग खातात. नॅनोअँपिअरांत मिळाला तरी प्रयोग साधला. पण त्याच पातळीवर तीन तोतये प्रवाह हजर असतात.

पहिला बॅटरीचा आणि जमिनीचा. फणीच्या जागी ५० ओमचा रोध लावा. सिग्नल शून्य व्हायला हवा. नाही झाला तर वायरिंग चुकली आहे, पुढे जाऊ नका.

दुसरा रेडिओलहर एकदिश झाल्याचा. शक्ती दुप्पट केली की तोही दुप्पट होतो, आणि खरा प्रवाहही दुप्पटच होतो. म्हणून “शक्तीच्या सरळ प्रमाणात आहे” हा पुरावा धरू नका. प्रकल्पाच्या अहवालांत ही चूक सर्रास सापडते. त्याऐवजी वारंवारता ९.९७ वरून ११.५ मेगाहर्ट्झवर न्या. तिथे फणी लाट उठवत नाही, पण रेडिओगळती जवळजवळ तेवढीच राहते. उरलेला आकडा गळतीचा.

तिसरा उष्णतेचा, आणि हा सगळ्यात लबाड. चालू फणी तापते, काडीचे तिच्या बाजूचे टोक किंचित गरम होते आणि इलेक्ट्रॉन गरम टोकाकडून थंड टोकाकडे सरकतात, म्हणजे नेमके लाटेच्याच दिशेने. दुसऱ्या फणीतून लाट उलट पाठवली तर प्रवाह उलटतो, हे ध्वनीचे लक्षण म्हणून सांगितले जाते. पण तेव्हा गरम बाजूही बदललेली असते, म्हणून उष्णतेचा प्रवाहही उलटतो! सिलिकॉनमध्ये एका अंशाच्या फरकाला सुमारे एक मिलिव्होल्ट येतो, आणि एका मेगाओमच्या काडीत त्याचा एक नॅनोअँपिअर होतो. ३१७ हर्ट्झची चालू-बंद इथे मदतीला येते, कारण काचेवर चिकटलेली काडी इतक्या वेगाने तापत-निवत नाही. तरी खात्री हवीच.

ती खात्री देते दिव्याची वात. कापसाची वात ग्लिसरीनमध्ये भिजवून, चांगली पिळून, चालू फणी आणि काडी यांच्यामधल्या ६ मिमी जागेत लाटेच्या वाटेवर आडवी टाका. तांब्याची भिंत त्या वेळेपुरती काढावी लागेल. पृष्ठभागाची लाट द्रवात गळून जाते, तर फणीची उष्णता आणि रेडिओगळती जवळजवळ तशीच राहते. वात असतानाचा आकडा वात नसतानाच्या आकड्यातून वजा करा. उरलेला तुमचा ध्वनिविद्युत प्रवाह. दोन्ही मोजण्या भिंतीशिवायच घ्या, एक भिंतीसह आणि एक भिंतीविना अशी सरमिसळ नको. ग्लिसरीन काडीला लागू देऊ नका. लागले तर ते फटीत ओढले जाते, आणि मग सगळे उकलून पुसण्यावाचून इलाज नाही.

मायक्रोअँपिअरच्या जवळ पोहोचलात तर आणखी भक्कम पुरावा मिळतो. ३ मायक्रोसेकंदांची स्पंदने पाठवा, टीएल०७१ काढून काडीपुढे १० किलोओम लावा आणि ऑसिलोस्कोपवर ५१२ स्पंदनांची सरासरी घ्या. गळती शून्य क्षणाला दिसते. काडीचे जवळचे टोक फणीच्या मध्यापासून १० मिमीवर आहे, म्हणून ध्वनीचा प्रवाह अडीच मायक्रोसेकंदांच्या सुमारास उठू लागतो. इतका नेमका उशीर गळतीला नाही आणि उष्णतेलाही नाही.

शेवटी पी-प्रकारची काडी त्याच पद्धतीने बनवून लावा. लाट तीच, दिशा तीच, पण आता छिद्रे ओढली जातात आणि आउटपुट ऋण जातो.

प्रवाहाच्या पायऱ्या आणि आपली काडी

याच प्रवाहाचे सगळ्यात सुंदर रूप १९९६ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत शिल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉनांचा पातळ थर, त्याच्यावर दोन धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक मायक्रोमीटरहून अरुंद चॅनल. पट्ट्यांना ऋण विद्युतदाब देऊन चॅनल बंद करायचा, म्हणजे एरवी त्यातून काहीच वाहत नाही. मग २.७ गिगाहर्ट्झच्या आसपासची लाट सोडायची. रहाटगाडग्याचे पोहरे जसे ठरावीक पाणी घेऊन वर येतात, तसा लाटेचा प्रत्येक खळगा मोजके इलेक्ट्रॉन उचलून अडथळ्यापलीकडे नेतो. प्रत्येक पोहऱ्यात एकच इलेक्ट्रॉन असेल तर प्रवाह = इलेक्ट्रॉनचा भार × वारंवारता, म्हणजे ०.४३ नॅनोअँपिअर. दोन असतील तर दुप्पट. विद्युतदाब बदलत गेले की प्रवाह उताराने न वाढता पायऱ्यांनी वाढतो. २०११ मध्ये ग्रेनोबल आणि केंब्रिजच्या दोन गटांनी अशाच लाटेने एकच इलेक्ट्रॉन एका क्वांटम ठिपक्यातून (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या सूक्ष्म जागेतून) दूरच्या दुसऱ्या ठिपक्यात नेऊन दाखवला.

आपल्या काडीत पायऱ्या का दिसणार नाहीत, हे विद्यार्थ्यांकडून आकड्यांनी काढून घ्या. १० मेगाहर्ट्झला एका इलेक्ट्रॉनाची पायरी १.६ पिकोअँपिअरची. १ नॅनोअँपिअर मोजलात तर लाटेच्या प्रत्येक खळग्यात सरासरी सव्वासहाशे इलेक्ट्रॉन वाहून जात आहेत. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा २६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर एका खळग्यात आणखी एक इलेक्ट्रॉन कोंबायला लागणारी ऊर्जा काही मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. पोहराच इतका हिंदकळतो की माप राहत नाही. म्हणून ते प्रयोग १ केल्व्हिनच्या आसपास आणि त्याखाली, द्रव हेलियममध्ये होतात. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, म्हणजे ७७ केल्व्हिन. त्याने ही पायरी दिसत नाही, आणि आपल्या पट्टीला तर तो लावूच नका, एका झटक्यात ती तडकते.

पायऱ्यांपर्यंत जायची ज्यांची तयारी असेल त्यांना पाव मायक्रोमीटर रुंदीच्या फण्या लागतील आणि त्या इलेक्ट्रॉन-किरणानेच काढाव्या लागतात. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था बाहेरच्या कॉलेजांसाठी इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम चालवत आल्या आहेत. तिथे प्रस्ताव द्यायचा तर वातीच्या चाचणीचे आणि पी-एन काडीच्या उलट चिन्हाचे आलेख सोबत जोडा.

हंगामाबद्दल

जुलै-ऑगस्टमध्ये पीसीबीवर आणि स्फटिकावर ओलाव्याचा थर बसतो, १० मेगाओमच्या रोधाला समांतर गळती सुरू होते आणि आकडे तासातासाला सरकतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. तिचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा, फक्त ती कढई नंतर स्वयंपाकाला नको. मे महिन्यात हवा कोरडी असते, पण कूलर लावला की तोच ओलावा धुळीसकट टेबलावर येतो. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतची सकाळ सगळ्यात चांगली. रुई उडत असते, पण ओल्या कापडाने तिचा बंदोबस्त होतो. मोजणी संपली की चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवा. दिवस-रात्रीच्या फरकाने अ‍ॅक्रिलिक फुगते-आकसते आणि घट्ट राहिलेला स्फटिक सकाळी तडकलेला सापडतो.